आठ गण आणि आठ पुमसे

तायक्वांदोतील पुमसे या प्रकाराकडे पालक आणि कधीकधी क्रीडाशिक्षकही किंचित तुच्छतेने पाहतात. समोर प्रतिस्पर्धी नाही, प्रहार हवेत, क्रम आधीच ठरलेला. मग ही घोकंपट्टीच नव्हे काय, असा त्यांचा आक्षेप असतो. पुमसेची जागतिक स्पर्धा २००६ साली सेऊलला सुरू झाली, २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याला पदकेही होती; पण आक्षेप काही मावळत नाही.

कुरकुंभसारख्या गावात, जिथे फिरंगाईचे देऊळ आणि रसायनांचे कारखाने शेजारी नांदतात, तिथे खेळाकडे प्रमाणपत्राच्या आशेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. दहावी-बारावीचे क्रीडागुण, शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण ही कारणे हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. मात्र पुमसे पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेपुरताच शिकला की तो आक्षेप खरा ठरू लागतो.

काळ्या पट्ट्याआधी शिकायच्या पुमसेंची मालिका 'तेगुक' नावाने ओळखली जाते. दक्षिण कोरियाच्या ध्वजावरील लाल-निळे वर्तुळ म्हणजे तेगुक. मालिकेत पुमसे आठ. कारण प्राचीन चिनी परंपरेत तीन रेषांची आठ चिन्हे आहेत. प्रत्येक रेषा अखंड किंवा खंडित, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. मराठीच्या अध्यापकाला इथे थबकावेसे वाटते. तीन अक्षरे, प्रत्येक लघू किंवा गुरू, आणि त्यातून निघणारे आठ गण: आपले छंदःशास्त्र याच गणितावर उभे आहे. तिकडे तिन्ही रेषा अखंड ते आकाश, म्हणजे पहिला पुमसे. तिन्ही खंडित ती पृथ्वी, म्हणजे आठवा. इकडे सर्वगुरू म-गण, सर्वलघू न-गण. या दोहोंत ऐतिहासिक नाते आहे असे मला सुचवायचे नाही. मोजक्या घटकांतून रचनेचे वैविध्य निर्माण करण्याची ओढ दोन्हीकडे आहे, इतकेच.

नवा पुमसे शिकताना खरी अडचण नव्या हालचालींची नसते, जुन्यांची असते. पहिला आणि दुसरा पुमसे एकसारखेच सुरू होतात: डावीकडे वळून खालचा बचाव. मग उजवे पाऊल पुढे आणि मध्यभागी ठोसा, हेही दोन्हीकडे तेच. फरक पावलात आहे. पहिल्यात ते चालण्याइतके आखूड, दुसऱ्यात लांब आणि गुडघा वाकवून. हे लक्षात ठेवलेले असते, पण शरीर ऐकत नाही. ते सवयीने पहिल्याच पुमसेत शिरते. इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा यांत केवळ पहिल्या अक्षराचा फरक. तो कागदावर दाखवणे सोपे. पण इंद्रवज्रेची चाल जिभेवर बसलेल्या विद्यार्थ्याला उपेंद्रवज्रा म्हणायला लावा, म्हणजे तो फरक किती मोठा आहे ते कळते. (उपजातीत दोन्हींचे चरण एकत्र नांदतात, ती निराळी गंमत.)

म्हणूनच घोकंपट्टी हा शब्द इथे चुकीचा वाटतो. मराठीत घोकणे आणि घोटणे ही दोन क्रियापदे आहेत. उत्तर घोकतात, अक्षर घोटतात, तान घोटतात. घोकलेले परीक्षेनंतर गळून पडते. घोटलेले अंगात मुरते आणि त्याचा अर्थ कधीकधी फार उशिरा उमगतो. मनाचे श्लोक म्हणणाऱ्या पोराला भुजंगप्रयाताचे चार य-गण ठाऊक नसतात, पण त्याची लय चुकत नाही. शास्त्र त्यानंतर येते, आणि ते यायला हवेच.

पुमसेच्या शिकवणीत हा दुसरा टप्पा अनेकदा येत नाही. मुलगी तिसरा पुमसे निर्दोष करते, पण त्याचे चिन्ह अग्नीचे आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्या लेखी तो 'थर्ड' असतो. आमच्या वर्गांत नेमके उलटे चालते. 'वृत्त ओळखा' या प्रश्नाला विद्यार्थी लघू-गुरूच्या खुणा अचूक करतो, पण तोच चरण मोठ्याने म्हण म्हटले की गप्प होतो.

पट्ट्याच्या परीक्षेत नावाच्या अर्थाचा एखादा प्रश्न, तोही मराठीत, विचारायला काही खर्च येत नाही. आणि वृत्तांचे निदान निम्मे गुण तोंडी म्हणण्याला ठेवावेत, हे आमच्या अभ्यास मंडळांपुढे कोणीतरी मांडायला हवे.