वंशावळ कशाला? बाकांचा नकाशा काढा!

आपले खापरपणजोबा शोधणं हा इंग्लंडमधल्या लोकांचा लाडका उद्योग आहे. त्यांना तो परवडतो, कारण त्यांच्याकडे डेटा आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गाव-वस्त्यांनी) बाप्तिस्मा, लग्नं आणि दफनं यांची वही ठेवायची. अशा कित्येक वह्या आज स्कॅन होऊन ऑनलाइन आल्या आहेत. नाव टाका, सर्च मारा, झाड तयार!

माझी तक्रार या झाडाबद्दलच आहे. वंशवृक्ष नेहमी आजच्या माणसापासून मागे मागे जात काढला जातो. म्हणजे ज्याचा वंश चालला तोच त्यात येणार. जो तरुणपणी मेला, ज्याचं लग्न झालं नाही, ज्याला मूल झालं नाही, त्याला शोधायला कोण येणार? फार तर एखादी आडवी फांदी म्हणून तो दिसेल, तेही कुणाला हौस असेल तर. जे उरले फक्त त्यांच्यावरून हिशोब मांडायचा, ही चूक आपण प्रोजेक्टच्या डेटात लगेच पकडतो. मग इतिहासात ती का चालवून घ्यायची?

याला तोड काढली होती रिचर्ड गॉफ नावाच्या एका शेतकऱ्याने, तीनशे वर्षांपूर्वी. श्रॉपशर परगण्यात श्रूझबरीच्या उत्तरेला मिडल नावाची पॅरिश आहे. गॉफ (१६३५-१७२३) तिथलाच. सत्तरीकडे झुकल्यावर, १७०० च्या सुमारास, त्याने पॅरिशचा इतिहास लिहायला घेतला. आता हा लिहायचा कसा? राजांच्या क्रमाने? घराण्यांच्या मानाने? गॉफने चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला आणि एकेक बाक घेऊन त्यावर बसणाऱ्या कुटुंबांची हकिगत सांगत गेला.

आयडिया साधी वाटते, पण त्यामागे गंमत आहे. तिथे बाकावरचा हक्क घराला आणि जमिनीला चिकटलेला असायचा. घर दुसऱ्याकडे गेलं की बाकावरची जागाही जायची, आणि त्यावरून भांडणंही व्हायची. पुढे जमीनदार, मध्ये शेतकरी, मागे झोपडीत राहणारे मजूर. म्हणजे बाकांची रांग हा अख्ख्या गावाचा इंडेक्स झाला. आडनाव ही की नाहीच, जागा ही की! त्यामुळे पुढच्या बाकावरून सुरुवात केली तरी शेवटच्या बाकापर्यंत जावंच लागतं. मधलं कुणी गाळायची सोय नाही.

याचा फायदा कुठे दिसतो? युद्धात. १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली, तेव्हा मिडलच्या टेकडीवर सैन्यभरतीसाठी माणसं गोळा केली होती. पोरसवदा गॉफ ते बघायला गेला होता. पुढे म्हातारपणी त्याने हिशोब मांडला: मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस जण लढायला गेले, त्यातले तेरा मेले. तीन वस्त्यांत एवढे, तर देशभरात किती हजार गेले असतील, असंही तो विचारतो.

आणि हा माणूस नुसत्या आकड्यावर थांबत नाही. गुहेत राहणारा विल्यम प्रीस आणि त्याचे तीन मुलगे राजाच्या बाजूने गेले, हे तो सांगतो. लोहाराच्या भावाचा अनौरस पोरगा, रिचर्ड चॅलोनर, काही अंशी पॅरिशच्या पैशावर वाढला. थोराड झाल्यावर श्रूझबरीला जाऊन सैन्यात भरती झाला, एजहिलच्या लढाईला गेला. त्यानंतर गावाला त्याची खबर नाही.

आता सांगा, हा पोरगा कुठल्या झाडावर लटकवणार? गावच्या दफनांच्या वहीत तो असण्याचं कारण नाही, कारण तो गावात पुरलाच गेला नाही. कुठला पणतू त्याला शोधत येणार नाही. साडेतीन शतकांहून जास्त काळ तो टिकला, तो फक्त एका शेजाऱ्याने आठवण ठेवली म्हणून.

"पण या तर गावगप्पा!" असं कुणी म्हणेल. आहेतच. कोण दारूत बुडाला, कुणाची बायको रोज गुत्त्यात जायची, कुणी जमीन उडवली, सगळं त्यात आहे, आणि गॉफ आपली मतंही बिनधास्त ठोकून देतो. पण डेव्हिड हे या इतिहासकाराने वह्या, मृत्युपत्रं, जमिनीचे करार यांच्याशी ते ताडून पाहिलं आणि १९७४ साली मिडलवर पुस्तक लिहिलं. गॉफ बऱ्याच अंशी खरा निघाला. माझ्या मते नोंदवही आणि गप्पा दोन्ही लागतात. वही तारीख देते, माणूस गप्पांतून कळतो.

आपल्याकडचे कुलवृत्तांत बघा. मेहनत अफाट, पण बहुतेकांत एकच आडनाव, तेही मुलग्यांच्या बाजूने. मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ संपली. शेजारच्या बिऱ्हाडाचा तर प्रश्नच नाही.

म्हणून म्हणतो, पुढच्या सुट्टीत आजीला "आपले मूळपुरुष कोण?" हे विचारू नका. चाळीचा किंवा वाड्याचा नकाशा काढा आणि विचारा, "पहिल्या खोलीत कोण राहायचं? दुसऱ्या? आणि जिन्याखाली?" जिन्याखालच्या माणसाला पणतू नसेलही. त्याला ओळखणारी आजी मात्र अजून आहे.