साहेब, ओळखपत्र दाखवता का?

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, नवी मुंबई
सीबीडी बेलापूर

साहेब,

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेनऊला पनवेलमधल्या आमच्या घराची बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर दोघे उभे होते. साधा वेश, एकाच्या हातात प्लास्टिकची फाईल. ‘पोलीस. चौकशी आहे. दार उघडा.’ मी लगेच कडीला हात घातला. बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, पण पोलीस हा शब्द ऐकला की पाठ आपोआप ताठ होते आणि तोंडातून ‘या, बसा, चहा टाकू?’ बाहेर पडतं. माझी बायको मात्र ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि जाळीतूनच म्हणाली, ‘साहेब, ओळखपत्र दाखवता का?’

पुढची दहा मिनिटं त्या एका वाक्यानं नासली. ‘आम्ही काय चोर वाटतो?’ ‘ठाण्यात नेल्यावर कळेल कोण आहोत ते.’ समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. वॉचमन उगाचच लिफ्टमधून वर आला आणि तिथेच घुटमळला. शेवटी एक कार्ड खिशातून निघालं आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत परत गेलं. त्यावर फोटो होता, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो.

ते तुमच्या आयुक्तालयाचे नव्हते, हे आधीच सांगतो. दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते आणि खरेखुरे पोलीसच होते. कोणतं ठाणं, कोण अधिकारी हे लिहीत नाही, कारण हे पत्र त्यांच्या तक्रारीसाठी नाही. पण ते खरे होते हे मला केव्हा कळलं? ते निघून गेल्यावर, त्यांच्या ठाण्याला फोन लावल्यावर. म्हणजे घरात घेऊन, खुर्ची देऊन, प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यानंतर.

प्रकरण साधं होतं. नवीन पनवेलमध्ये आमचा एक छोटा फ्लॅट आहे. दोन वर्षांपूर्वी तो अकरा महिन्यांच्या करारावर एका तरुणाला दिला होता. त्यानं त्या पत्त्यावर बँकेत खातं उघडलं. पुढे तो गेला, खातं राहिलं, आणि कुणा भलत्याच गावातल्या माणसाचे ऑनलाइन फसवणुकीत गेलेले पैसे त्या खात्यातून फिरले. तपास करणारा माणूस खात्यावरच्या पत्त्यावरून आमच्यापर्यंत आला, यात त्याची काही चूक नाही. त्यानं तसं यायलाच हवं. पनवेल आता भाडेकरूंचं गाव झालं आहे. तळोज्याचे कारखाने, खारघरची कॉलेजं, विमानतळाचं काम, सगळीकडून माणसं येतात, अकरा महिने राहतात, जातात. अशा दारावरच्या थापा आमच्याकडे वाढणार, कमी होणार नाहीत.

माझा मुद्दा थाप पडण्याचा नाही. थाप पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय व्हावं, त्याचा आहे.

तुमचंच खातं आम्हाला सारखं बजावत असतं की पोलीस असल्याचं कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. ते खरंही आहे. ‘पुढे खून झालाय आजी, दागिने पुडीत बांधून ठेवा’ असं सांगून म्हाताऱ्या बायकांच्या बांगड्या नेणारे तोतये आम्ही वर्षानुवर्षं पेपरात वाचतो आहोत. आता त्यांचा धंदा व्हिडिओ कॉलवर गेला. ‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार इतका फोफावला की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं की अशी कुठलीही अटक कायद्यात नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर तर आता शाळेतली पोरंही म्हणून दाखवतात. आम्ही हे सगळं ऐकलं, पाठ केलं. आणि त्या शिकवणीप्रमाणे माझ्या बायकोनं दारातल्या माणसाला ओळखपत्र विचारलं, तर तो अपमान ठरला! एकच गोष्ट फोनवर सावधपणा आणि दारात उद्धटपणा कशी होते, हे तुम्हीच सांगा.

आत आल्यावर त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. माझा मोबाईल ‘जरा बघायला’. एका कागदावर सही, त्या कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. आणि परवा त्यांच्या ठाण्यात हजेरी. ते ठाणं इथून काहीशे किलोमीटर लांब. मोबाईल मी देणारच होतो. बायकोनं तो पदरात घेतला म्हणून राहिला. सही मी केली.

संध्याकाळी भाची आली. ती पनवेलच्या कोर्टात वकिली करते. ‘मामा, सही केलीत?’ एवढंच म्हणून तिनं कपाळाला हात लावला. मग तिनं मला जे समजावलं ते इथे थोडक्यात लिहितो. तुम्हाला ते ठाऊकच आहे, पण हे पत्र माझे शेजारीही वाचणार आहेत.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७९ खाली तपासी अधिकारी साक्षीदाराला बोलावू शकतो, पण लेखी आदेशानं, आणि तोही आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला. बाई असेल, पंधराच्या आतलं मूल असेल, साठीवरचा पुरुष असेल, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस असेल, तर त्याला राहत्या घराबाहेर कुठेही यायची सक्ती नाही. जुन्या कायद्यात पुरुषासाठी ही मर्यादा पासष्ट होती. मी त्रेसष्टचा. त्यामुळे नव्या कायद्यानं मला एक प्रवास वाचवला, तोही मला माहीत नसताना. कलम १८० प्रमाणे प्रश्नांची खरी उत्तरं देणं माझ्यावर बंधनकारक आहे. ज्या उत्तरानं मीच आरोपी होईन तेवढं सोडून. तेव्हा ‘मला काही बोलायचं नाही’ म्हणून दार लावून घेणं हे शहाणपण नाही, आणि खोटं बोलणं तर मुळीच नाही. पण पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, हे कलम १८१ स्पष्ट सांगतं. मोबाईल हवा तर लेखी आदेश. जप्त करायचा तर यादी, पंच, आणि कलम १०५ प्रमाणे त्या सगळ्याचं चित्रीकरण. ‘जरा बघायला’ असं कलम नाही.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपले वाडवडील सांगून गेले. ती पायरीच उठून दारात आली तर काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. म्हणून आम्ही घाबरतो, आणि घाबरलेला माणूस एक तर सगळ्यावर सह्या करतो, नाही तर खोटं बोलतो. दोन्हींनी तुमचा तपास बिघडतो.

भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात घर करून बसली आहे. उत्तर प्रदेशातला खरक सिंह नावाचा माणूस. १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात त्याला पकडलं आणि पुराव्याअभावी सोडलं. पण त्याचं नाव ठाण्याच्या वहीत गेलं ते गेलंच. चौकीदार आणि शिपाई रात्री-बेरात्री त्याच्या दारात येत, दार ठोठावत, हाका मारत, झोपेतून उठवत. तो घरी आहे ना एवढंच बघायला. इंग्रज गेले, राज्यघटना आली, तरी थाप चालूच होती. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ डिसेंबर १९६२ रोजी न्यायालयानं त्या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. गंमत अशी की त्याच निकालात, खाजगीपणा हा काही मूलभूत हक्क नाही असंही बहुमतानं म्हटलं होतं. ते वाक्य पुसलं जायला २०१७ उजाडलं, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीश बसावे लागले. थाप चूक आहे हे न्यायालयाला आधी कळलं. का चूक आहे हे सांगायला पंचावन्न वर्षं गेली.

ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला नकार दिला, तेव्हा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मौनाचा हक्क मान्य केलाच, शिवाय एका बाईला ठाण्यात बोलावल्याबद्दल पोलिसांना खडे बोलही सुनावले. पण त्या माजी मुख्यमंत्री होत्या. कामोठ्याच्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी नर्स दिल्लीपर्यंत जाणार नाही. ती दार उघडेल.

आणि आता तर न्यायालयच तुमच्या माणसांना आमच्या दारात पाठवतं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावली पाहिजे. उत्तम झालं. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नोटीस खोटी समजायला आम्ही मोकळे. पण खरी नोटीस म्हणजे मग कागद घेऊन आलेला माणूस. तो माणूस खरा की खोटा, हा प्रश्न पुन्हा जाळीच्या दारापाशीच येऊन थांबतो.

इथे कायद्यात एक फट आहे. अटक करताना पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसेल असं असलं पाहिजे, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालानं सांगितलं आणि आता ते कलम ३६ मध्ये आहे. पण ही अट अटकेपुरती. आरोपीला पोलिसाचं नाव वाचायचा हक्क आहे. ज्यानं काहीच केलेलं नाही, ज्याला फक्त दोन प्रश्न विचारायचे आहेत, त्या साक्षीदारासाठी कलम गप्प आहे. ही फट बुजवायला संसद लागत नाही. तुमच्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.

त्यात काय असावं, ते एक सामान्य माणूस म्हणून सुचवतो. चौकशीला आलेल्यानं, विशेषतः साध्या वेशात असेल तर, कुणी मागायच्या आधी ओळखपत्र जाळीसमोर धरावं आणि नाव, बक्कल नंबर वाचून होईपर्यंत धरून ठेवावं. घरच्यांनी ठाण्याला फोन लावतो म्हटलं तर दाराबाहेर थांबावं; त्या पाच मिनिटांत काही आभाळ कोसळत नाही. बाहेरच्या जिल्ह्यातलं पथक आलं तर त्यानं आधी स्थानिक ठाण्यात नोंद करावी, म्हणजे आम्ही आमच्या ठाण्याला किंवा ११२ ला विचारलं की ‘हो, आलेत’ किंवा ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं एका वाक्यात उत्तर मिळेल. आणि जाताना एक चिठ्ठी मागे ठेवावी: कोण आलं, कुठल्या ठाण्याचं, कुठल्या गुन्ह्यासाठी. गॅसवाला येतो तोही पावती देऊन जातो.

छापा वेगळा आणि चौकशी वेगळी, हे मला समजतं. आधी वर्दी देऊन गुन्हेगार पकडता येत नाहीत. पण रविवारी सकाळी घरमालकाला जुन्या भाडेकरूचा पत्ता विचारणं म्हणजे छापा नव्हे.

आणि यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट तर पुढेच आहे. त्या तरुणाची माहिती, फोटो, गावचा पत्ता, ओळख देणाऱ्यांची नावं, हे सगळं मी दोन वर्षांपूर्वीच इथल्या पोलिसांना रीतसर दिलं होतं. भाडेकरूची नोंद करा असं तुमचं आवाहन असतं ना, ते मी पाळलं होतं. तपासाला आलेल्या माणसाला हवा असलेला गावचा पत्ता माझ्या कपाटातल्या त्याच शिक्क्याच्या प्रतीवरून मिळाला. बायकोनं ती शोधून दिली तेव्हा त्यांचा सूर उतरला. फोटो काढून घेतला, ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ म्हणाले आणि गेले. चहा घेतला नाही. म्हणजे ते आधी स्थानिक ठाण्यात गेले असते, तर त्यांचं काम तिथेच झालं असतं आणि आमच्या मजल्यावर आजही कुणी आवाज खाली आणून ‘तुमच्याकडे पोलीस आले होते ना?’ असं विचारलं नसतं.

ते विचारणं थांबवणं तुमच्या हातात नाही, ठाऊक आहे. परिपत्रक आहे. ते काढा, मराठीत आणि हिंदीत काढा, आणि सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर लावायला द्या. आमच्या जिन्यातला बोर्ड मी स्वतः रिकामा करून ठेवतो.

आपला,
पनवेलचा एक रहिवासी

ता. क. परवा त्या अधिकाऱ्यांचा फोन आला होता. या वेळी त्यांनी आधी नाव सांगितलं, मग ठाणं, मग गुन्ह्याचा नंबर. फोन बायकोनं घेतला. ‘पाच मिनिटांनी बोलते’ म्हणून तिनं तो ठेवला आणि त्यांच्या ठाण्याच्या लँडलाइनवर उलट फोन लावला. तेच होते.