समर्थ कीं अप्पा?

भयकथांच्या घरगुती वाचनाविषयीं आम्हीं मागें चार शब्द लिहिले, तेव्हां शेवटीं सहज सुचवून ठेविलें होतें कीं, भुताखेतांशीं झुंजणाऱ्या कादंबऱ्यांतलें आपलें सर्वांत आवडतें पात्र कोणतें, हें वाचकांनीं अवश्य कळवावें. पत्रें पुष्कळ आलीं. बहुतेकांत उत्तर एकच, आणि तेंहि एका शब्दाचें. परंतु परभणी जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवाहून आलेलें पत्र सात पानांचें आहे, आणि तें हातीं पडल्यापासून बाकीचीं पत्रें आम्हीं बाजूस ठेविलीं आहेत. मजकुराचा उपयोग करण्यास त्या कुटुंबाची अनुमति आहे. गांवाचें व माणसांचें नांव मात्र देऊं नये अशी त्यांची इच्छा आहे, आणि ती आम्ही पाळीत आहों.

पत्र लिहिणारे गृहस्थ घरांतील थोरले चिरंजीव, व्यवसायानें शिक्षक. वाड्यांत लहानमोठीं तेरा माणसें. दिवेलागणीला रामरक्षा आणि भीमरूपी, आणि रात्रीं जेवणें उरकलीं म्हणजे माजघरांत नारायण धारपांची एखादी कादंबरी कोणीतरी मोठ्यानें वाचावयाची, असा या घरचा शिरस्ता आहे. (संध्याकाळीं स्तोत्र म्हणून ज्यांना वेशीबाहेर घालवावयाचें, त्यांनाच दोन तासांनीं माजघरांत बोलावून आणावयाचें, ही मराठी घरांची जुनीच गंमत!) आमचा प्रश्न वाचून मुलांनीं घरांत मतें मागितलीं. मुलांचीं सगळीं मतें समर्थांना पडलीं. आजींनीं मात्र सुपारी कातरतां कातरतां "माझें मत अप्पांना" असें सांगितलें, आणि त्यावर जो वाद माजला तो मिटेना, म्हणून तो निवाड्यासाठीं आमच्याकडे धाडला आहे.

ज्यांच्या घरीं धारप वाचले जात नाहींत त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं मराठींत भयकथा इतक्या विपुल लिहिल्या कीं, दोन पिढ्यांची झोंप उडविण्याचें श्रेय त्यांच्याकडे जातें. अमानवी शक्तींशीं सामना देणारे त्यांचे नायक एकाहून अधिक आहेत. कृष्णचंद्र आहे, जयदेव आहे. परंतु वाचकांच्या मनांत कायमचे बसले ते समर्थ. कोठल्या तरी घरावर, एखाद्या माणसावर अघोर छाया पडते, नेहमींचे सर्व उपाय थकतात, आणि मग समर्थ येऊन त्या शक्तीसमोर उभे राहतात. अप्पा जोशी हे त्यांचे सोबती.

धारपांनीं परकीं बीजेंहि आपल्या मातींत रुजविलीं, हें त्यांच्या वाचकांस ठाऊक आहे. 'लुचाई'च्या मागें स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची १९७५ सालची 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'च्या मागें त्याचीच १९८६ सालची 'इट' आहे. पण समर्थ हें नांव उसनें नाहीं. तें उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कोण येतें, हें सांगावयास नको. आणि मराठवाड्यांत तर ती आठवण अधिकच जवळची, कारण रामदासस्वामींचें जन्मगांव जांब हें परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांत आहे. वेशीवरचा मारुति बाहेरचें बाहेरच थोपवितो, हें ज्या मुलांनीं बोलावयास लागण्यापूर्वींच ऐकलें, त्यांनीं समर्थांना मत दिलें नसतें तरच नवल. शिवाय मुलांना सामर्थ्य आवडतें. आम्हांसहि त्या वयांत तेंच आवडत असे.

म्हणून आजींचें मत प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस थोडें हंसूं आलें. पुढचें पान वाचल्यावर तें मावळलें. त्यांचे शब्द चिरंजीवांनीं जसेच्या तसे उतरून दिले आहेत: "समर्थ मोठे खरे. पण त्यांना सगळें आधींच कळलेलें असतें. अप्पा आपल्यासारखे आहेत. भीति वाटली तरी ते उठून जात नाहींत, बसून नीट पाहतात. आमच्या मानवतला तेव्हां असा एक अप्पा हवा होता."

मानवत हा आतां परभणी जिल्ह्यांतील एक तालुका आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या साली तेथें खुनांची जी मालिका सुरू झाली ती १९७४ पर्यंत चालली. बळी पडल्या त्यांत बहुतेक बायका आणि लहान मुली होत्या. गुप्तधन हातीं लागावें व मूल व्हावें म्हणून पिंपळावरच्या मुंजाला रक्त देण्यासाठीं हीं कृत्यें झालीं, असें सरकार पक्षाचें म्हणणें होतें. तपासासाठीं मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ सालीं मुंबईंत रमण राघवला पकडण्याची कामगिरी ज्यांच्या नांवावर आहे तेच हे अधिकारी. २०२४ सालीं या प्रकरणावर निघालेली वेब मालिका पुष्कळ घरांतून पाहिली गेली. न्यायालयांत पुढें काय झालें त्याच्या तपशिलांत आम्ही येथें शिरत नाहीं.

आजी त्या वेळीं सतरा-अठरा वर्षांच्या, नुकत्याच लग्न होऊन त्या भागांतल्या एका खेड्यांत आलेल्या होत्या. विहिरीवर एकटीनें जावयाचें नाहीं, दिवस मावळण्याच्या आंत कडी लागली पाहिजे, शेताकडे निघालेल्या बाईबरोबर गडीमाणूस हवाच, हें सर्व त्यांना अजून लख्ख आठवतें. पण त्यांच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट निराळीच आहे. घरांतलीं वडीलमाणसें हलक्या आवाजांत म्हणत कीं, मुंजा भुकेलेला आहे. आजी म्हणतात, "सगळे पिंपळाकडे बघत राहिले, आणि करणारे लोक बाजारांत भाजी घेत हिंडत होते. धनाची गरज कुणाला असते, एवढें जरी एकानें विचारलें असतें! मुंजाला पैसा कशाला हवा?"

या शेवटच्या प्रश्नाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. मुंजा म्हणजे तरी कोण? मुंज झालेला, परंतु सोडमुंज होण्यापूर्वींच गेलेला मुलगा. म्हणजे हा राक्षस कोठल्या अरण्यांतून आलेला नाहीं. तो आपल्याच घरांतला आहे. गळ्यांत नवें जानवें घातलेला, संध्येचे मंत्र अजून अडखळत म्हणणारा आठ-दहा वर्षांचा पोर. देवीनें, पटकीनें, तापानें अशीं मुलें घरोघरचीं गेलीं, आणि त्यांचें दुःख कोठें ठेवावें हें न कळून आपल्या पूर्वजांनीं तें पिंपळावर नेऊन ठेविलें. त्या पोराच्या नांवानें दुसऱ्यांच्या मुली माराव्या! मानवतच्या वार्ता वाचतांना रक्ताची भीति सर्वांनाच वाटली असेल. आम्हांस त्या मुलाच्या विटंबनेनें अधिक अस्वस्थ केलें. २०२४ सालींच 'मुंज्या' नांवाचा हिंदी चित्रपट निघाला. वाड्यांतल्या मुलांनीं तो घरीं लावला व पोट धरधरून हंसलीं. आजी अर्ध्यावरून उठून आंत गेल्या, असें पत्रांत एका ओळींत आहे.

मानवतनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षीं नरबळी व जादूटोणा यांस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रांत झाला. गुप्तधनासाठीं होणारे अघोरी प्रकार त्यांत नांवानिशीं आले आहेत.

आतां निवाडा. आजींच्या बाजूनें आम्ही एक परदेशी साक्षीदार उभा करतों. विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाचा कार्नॅकी नांवाचा भूतशोधक आहे. त्याच्या कथांचें पुस्तक १९१३ सालीं निघालें. हा गृहस्थ भोंवतीं विजेच्या नळ्यांचें पंचकोनी मंडल मांडून रात्रभर एकटा बसतो, आणि तरीहि त्याच्या कांहीं प्रकरणांत भूत निघतच नाहीं. निघतो तो लबाड माणूस, किंवा चोरवाट. कधीं खरोखरीचें अमानवी असें कांहीं निघतें, आणि कधीं दोन्ही एकत्र. पुढच्या दाराआड काय आहे, हें त्यालाहि ठाऊक नसतें, म्हणून तो आधीं भिंती ठोकून पाहतो. अशा कादंबऱ्या मुलांच्या हातीं द्याव्या कीं नाहीं, असें आम्हांस नेहमीं विचारण्यांत येतें. भिंती ठोकून पाहणारा एक तरी माणूस ज्या कादंबरींत आहे ती खुशाल द्यावी, असें आमचें मत आहे. त्या दृष्टीनें अप्पांना पडलेलें मत आम्ही ग्राह्य धरतों, आणि मुलांनीं त्यावर रुसूं नये.

इतकें लिहून हें सदर संपावयाचें होतें. पण पत्राचीं शेवटचीं दोन पानें निराळ्या हस्ताक्षरांत आहेत. "पत्र टपालांत टाकण्यासाठीं थोरल्या भाऊजींनीं माझ्याकडे दिलें. त्यांत जें नाहीं तें मी जोडीत आहें," अशी त्यांची सुरुवात. लिहिणारी या घरची धाकटी सून. हीं पानें छापावीं कीं नाहीं, हें आम्हीं त्यांच्या घरीं पुन्हां विचारलें. होकार आला तो तिच्या आणि आजींच्या अशा दोघींच्या सहीनें.

सूनबाईंचे दोन वेळां दिवस गेले, आणि दोन्ही वेळां राहिले नाहींत. कोणा नातलगानें एका जाणत्याचें नांव सुचविलें. त्यानें घर न पाहतांच निदान केलें: वाड्याच्या मागच्या पिंपळावर मुंजा आहे. अमावास्येची पूजा, एक काळी कोंबडी, बरीच मोठी रक्कम. आणि पूजा होईपर्यंत डॉक्टरांचें औषध बंद. सोप्यावर बसून घरांतल्या पुरुषमंडळींनीं तीन दिवस यावर खल केला. शिकलेलीं माणसें! कोणी हो म्हणेना, कोणी स्पष्ट नाहींहि म्हणेना. सूनबाईंना मात्र ती भिईल म्हणून कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. तिला तें कळलें आठ वर्षांच्या पुतण्याकडून; तो विचारावयास आला होता, "काकू, समर्थ आपल्याकडे येणार आहेत का?"

"त्या आठवड्यांत मी 'ड्रॅक्युला' वाचीत होतें," असें ती पुढें लिहिते. "माझें मत मीनाला."

ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ सालची. रक्तपिपासू काउंटाच्या मागें लागलेल्या मंडळींचा म्होरक्या व्हॅन हेल्सिंग जगांत इतका गाजला कीं, मीना हार्करकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक सर्वांच्या रोजनिश्या, पत्रें, डॉक्टरांनीं ध्वनिमुद्रित केलेल्या नोंदी हें सर्व तारीखवार लावून टंकलिखित करते ती मीना. काउंट पुढें मूळ कागद जाळून टाकतो, तेव्हां तिनें केलेली दुसरी प्रत तेवढी वांचते. आणि तरी एका रात्रीं पुरुषमंडळी ठरवितात कीं, बाईच्या जातीला हें सोसणार नाहीं, यापुढें तिला कांहीं सांगावयाचें नाहीं. ते बाहेर शोध घेत हिंडतात, आणि काउंट त्याच दिवसांत, ज्या घरांत तिला सुरक्षित म्हणून ठेविलें आहे त्याच घरांत, तिच्यापाशीं येतो. तिच्या चेहऱ्यावरचा फिकेपणा सर्वांना दिसतो, पण कारण कोणी विचारीत नाहीं. पुढें तिला सर्व सांगण्याचें ठरतें, तेव्हांच काउंट कोणत्या नदीच्या वाटेनें पळतो आहे हें उमगतें. आणि तेंहि तीच कागदपत्रांवरून काढून देते.

सूनबाईंनीं हें पुस्तक त्या रात्रीं वाचनाच्या वेळीं माजघरांत नेलें. धारपांचें पान उघडण्यापूर्वीं तिनें एवढा भाग सर्वांना मराठींत सांगितला, आणि शेवटीं म्हणाली, "माझ्याविषयीं जें ठरवावयाचें तें माझ्यासमोर ठरवा." थोरले भाऊजी खालीं बघत बसले. आपल्या पांच पानांत त्यांनीं हा प्रसंग कां गाळला, हें आम्ही समजूं शकतों. पण तीं दोन पानें जोडलेलीं आहेत हें कळल्यावर त्यांनीं तीं काढून घेतलीं नाहींत, याबद्दल आम्हांस त्यांच्याविषयीं आदर वाटला.

मुलांनीं आम्हांस आणखी एक प्रश्न केला आहे: समर्थ, अप्पा आणि मीना यांत पहिला क्रमांक कोणाचा? मुलांनो, समर्थ आले तर त्यांना पाट मांडा. पण ते येईपर्यंत घर अप्पांनीं आणि मीनेनें सांभाळावयाचें आहे. क्रमांक तुम्हीच लावा.

जाणत्याचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. आजींनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला निरोप पाठविला: "जरूर या. चहा घ्या. पिंपळ पाहा. पण जें काय सांगावयाचें तें सूनबाईच्या समोर बसून सांगा, आणि औषध कां बंद करावयाचें तें तिच्या डॉक्टरांनाहि समजावून द्या." अमावास्या आली आणि गेली, तो गृहस्थ आला नाहीं. सूनबाईंच्या तपासण्या परभणीस चालू आहेत. मागचा पिंपळ जागच्या जागीं आहे. शनिवारीं आजी त्याला पाणी घालतात आणि पणती लावतात, कोणासाठीं, असें पुतण्यानें विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "आपल्याच एका मुलासाठीं." माजघरांत सध्यां 'लुचाई' चालू आहे, आणि वाचण्याची पाळी सूनबाईंची आहे.