सशाचें पोट आणि शेतकऱ्याची गंजी

सशासारख्या क्षुद्र प्राण्याच्या खाण्यापिण्याची चर्चा शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत सहज येईल. बैल, गाय, म्हैस व शेळी यांच्याच वैरणीची चिंता जेथें दर उन्हाळ्यांत डोकें वर काढते, तेथें सशाची कथा ती काय! परंतु आपल्या वाशीम जिल्ह्यांतील सुखवस्तु शेतकऱ्यांच्या घरीं मुलांच्या हौसेखातर आणलेली पांढऱ्या सशांची जोडी आतां नवलाची राहिलेली नाहीं. बाजारांतून टोपलींत बसून ती घरीं येते, आठ-पंधरा दिवस सारें घर तिच्याभोंवतीं गोळा होतें, आणि पुष्कळदां तीन-चार महिन्यांच्या आंत एके सकाळीं त्यांतला एक ससा कोपऱ्यांत अंग आखडून बसलेला दिसतो. दुसऱ्या दिवशीं तो मेलेला असतो. मग घरांतील वडील माणसें मुलाची समजूत घालतात, कीं ससा हें जनावरच नाजूक, आपल्याकडची हवा त्याला मानवत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे, कीं हवेवर हा दोष टाकणें बहुतेक वेळां अन्यायाचें होतें. ससा मरतो तो आपल्या ताटांतल्या अन्नानें. आणि ज्या वस्तूवर तो आठ-दहा वर्षें जगला असता, ती वस्तु त्याच घराच्या मागें गंजींत रचून ठेवलेली असते.

प्रथम हा प्राणी कोणता, याविषयीं घोंटाळा नको. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या शेतांत पायाखालून उसळी मारून पळणारा करडा रानससा निराळा, आणि पिंजऱ्यांतील हा ससा निराळा. रानसशाचीं पिलें उघड्यावर, गवताच्या आडोशाला जन्मतात आणि जन्मतःच केंसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. घरगुती सशाचीं पिलें मात्र नागडीं व मिटल्या डोळ्यांचीं. सोयाबीनच्या सोंगणींत रानसशाचें पिलूं सांपडलें तर तें घरीं आणूं नये. तें बहुधा जगत नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हाहि आहे.

घरगुती सशाचें मूळ कुळ स्पेन व पोर्तुगाल या देशांतलें. तेथील कोरड्या टेकड्यांवर भरड गवत खाऊन तो वाढला. १८५९ सालीं थॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें ऑस्ट्रेलियांत शिकारीच्या शौकासाठीं चोवीसएक ससे सोडले. पन्नास वर्षांच्या आंत सशांनीं तेथील कुरणांची अशी धूळधाण केली, कीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला १९०१ पासून १९०७ पर्यंत खपून हजार मैलांहून लांब कुंपण घालावें लागलें. आणि तेंहि पुरें पडलें नाहीं. ओसाड माळावरच्या काड्या चघळून जो प्राणी एक खंड व्यापतो, तो आमच्या ओसरीवर बिस्किटें खाऊन चार महिन्यांत मरतो. यांत नाजूकपणा कोणाचा म्हणावा?

याचें कारण त्याच्या पोटाच्या रचनेंत आहे, आणि जनावरें राखणाऱ्या वाचकांस तें समजणें अवघड नाहीं. गाय-बैल चारा पोटाच्या पुढल्या कोठींत आंबवितात व रवंथ करून पुन्हां चावतात. सशाची आंबविण्याची कोठी घोड्याप्रमाणें मागें आहे. लहान आंतडें संपतें तेथें एक मोठी पिशवी असते. तिला आंधळें आंतडें म्हणतात. तिच्यांत असंख्य सूक्ष्म जंतु चाऱ्याचा बारीक अंश आंबवून सशाचें पोषण करितात. भरड चोथा त्या पिशवींत न शिरतां पुढें सरकतो व कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. हा चोथा फुकट गेला असें कोणी समजूं नये. त्याच्याच रेट्यानें सारें आंतडें हालतें राहतें. चोथा कमी पडला कीं आंतड्याची चाल मंदावते. त्यांत धान्याचा पिष्टमय अंश मागल्या पिशवींत उतरला, कीं उपयोगी जंतु हटतात, घातक जंतु माजतात आणि वायु धरतो. ससा घोड्यासारखाच ओकूं शकत नाहीं, म्हणून एकदां आंत गेलेलें परत येण्याची वाट बंद. शिवाय त्याचे दांत जन्मभर वाढत असतात. ते झिजावयाचे तर दिवसभर गवत चघळलें पाहिजे. मऊ पोळीनें दांत झिजत नाहींत, आणि वाढलेला दांत गालांत रुतला कीं खाणें सुटतें व तेथूनहि पोटाचें दुखणें सुरू होतें.

येथें एक गैरसमज दूर करावासा वाटतो. पहाटेच्या सुमारास ससा मान खालीं घालून स्वतःचीच मऊ लेंडी खातांना दिसतो. पुष्कळांना याची किळस येते व ते त्याला हुसकावितात. परंतु ती मागल्या पिशवींतून आलेली पौष्टिक लेंडी असते. तिचें सत्त्व दुसऱ्या खेपेस अंगीं लागतें. बैलाला जसें रवंथ, तसें सशाला हें. त्याला तसें करूं द्यावें. मात्र अशा मऊ, चिकट, घोंसासारख्या लेंड्या रोजच जमिनीवर तशाच पडलेल्या दिसूं लागल्या, तर समजावें कीं खुराक जड होत आहे.

आतां आपण त्याला काय चारतों तें पाहूं. पोळी, भात, बिस्किट, गुळाचा खडा, भिजविलेले चणे, मूठभर गहूं किंवा ज्वारी. हें सर्व प्रेमानें दिलें जातें, यांत शंका नाहीं. पण भरल्या पोत्यांत तोंड घालून ज्वारी खाल्लेल्या गाईची काय गत होते, किंवा लग्नाच्या पंक्तीचें उरलेलें अन्न खाऊन जनावर कसें आडवें पडतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यानें सशाला पोळी द्यावी याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. पोळ्याच्या सणाला आपण बैलाला पुरणपोळीचा घांस देतों, तो मान म्हणून. बैलाचें वजन चारशें किलो व सशाचें दोन किलो धरलें, तर सशाला दिलेली पाव पोळी ही बैलाच्या पन्नास पोळ्यांबरोबर झाली! आपल्या बैलाला रोज पन्नास पोळ्या चारणारा शेतकरी आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

आपला जिल्हा सोयाबीनचा. खळें चालू असतां पोरें ओंजळभर दाणे पिंजऱ्यांत टाकतात. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनांचें पचन अडविणारें द्रव्य असतें. तें भाजल्या-शिजविल्यावांचून जात नाहीं, आणि दाणा तेलकट व जड तो वेगळाच. सरकीच्या ढेपेचीहि तीच गोष्ट. तिच्यांतील विषारी अंश मोठ्या रवंथी जनावराला पुष्कळसा सोसतो. सशाला तो सोसेल या भरंवशावर राहूं नये. गाजराविषयीं मुलांची निराशा करावी लागते. अंकलिपींतल्या सशाच्या हातांत चित्रकारानें गाजर दिलें आणि तें पिढ्यान् पिढ्या सुटलें नाहीं. वस्तुतः गाजराच्या कंदांत साखर फार. बोटाच्या पेराएवढा तुकडा आठवड्यांतून एकदोनदां पुरे. गाजराचा पाला मात्र चांगला, आणि तो आपण उकिरड्यावर टाकतों.

मग द्यावें काय? वाळलें गवत, आणि तें रात्रंदिवस समोर असावें. सशाच्या खाण्याचे दहांत आठ वांटे वाळल्या गवताचे असले पाहिजेत. मुंबई-पुण्याचे हौशी लोक याकरितां परदेशांतून आलेलें टिमोथी नांवाचें गवत पुडक्यांतून विकत घेतात. ज्याच्या धुऱ्यावर मारवेल व हरळी उभी आहे, ज्याच्या माळावर पवना आहे, त्यानें पुडक्याकडे पाहण्याचें कारण नाहीं. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यांत काळविटांचे कळप ज्या माळरानावर पोसले जातात, त्याच जातीची भूमि आपल्या जिल्ह्यांत ठिकठिकाणीं आहे. गवत फुलोऱ्यावर येतां येतां कापावें, सावलींत पालटून वाळवावें, म्हणजे हिरवट रंग व वास टिकतो. कुसळी गवत मात्र कुसळें धरण्यापूर्वींच कापलें पाहिजे. मागाहून कापलेल्याचीं कुसळें सशाच्या तोंडांत व डोळ्यांत शिरतात. ज्वारीच्या चांगल्या वाळलेल्या कडब्याचीं पानें चालतात. कोंवळी ज्वारी विषारी, हें येथें कोणास सांगावयास नको. जी गोऱ्ह्याला चालत नाहीं ती सशालाहि नाहीं.

कुटाराविषयीं विचारणा होईल, म्हणून स्पष्ट सांगतों. सोयाबीनचें कुटार गवताची जागा घेऊं शकत नाहीं. त्यांत धूळ फार, दाणे राहून गेलेले असतात, आणि परतीच्या पावसानें भिजलें असेल तर बुरशी ठरलेलीच. बुरशीचा वास येणारी कोणतीहि वैरण, गंजीच्या माथ्यावरची काळवंडलेली पेंढी सुद्धां, सशापुढें टाकूं नये. गाय ती हुंगून सोडील. पिंजऱ्यांतल्या प्राण्याला दुसरें काहीं मिळत नाहीं म्हणून तो ती खातो.

याहून मोठा धोका फवारणीचा. कपाशी व सोयाबीन यांच्या धुऱ्यावरचें गवत आषाढापासून आश्विनापर्यंत कीटकनाशक व तणनाशक यांच्या तुषारांत भिजत असतें. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. जें विष माणसाला भोंवतें, त्यानें भिजलेलें गवत दोन किलोच्या जीवाला देऊं नये. गवत घ्यावयाचें तें फवारणीपासून दूरच्या माळाचें किंवा आवारांतलें. गाजरगवत, घाणेरी, बेशरम, रुई व धोतरा यांचा पाला कापणींत मिसळलेला नाहीं, हेंहि डोळ्यांनीं पाहून घ्यावें. हें काम मुलांवर टाकूं नये.

हिरवा पाला रोज मूठभर असावा: कोथिंबीर, मुळ्याचा व गाजराचा पाला, थोडी मेथी. तो धुवून, पाणी निथळून द्यावा. लसूणघास वाढत्या पिलांना चालतो, मोठ्या सशाला रोज देऊं नये. त्यांतील चुन्यामुळें मूत्र गढूळ होऊन खडे धरण्याची भीति असते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर जी कोंवळी लव उगवते, तिच्यावर ससे एकदम सोडणें फार वाईट. वाळल्या चाऱ्यावर महिनोंगणती असलेलें पोट एका दिवसांत बदलत नाहीं. कोणताहि नवा चारा चिमटीनें सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवावा.

बाजारांत विकावयास येणारीं पिलें पुष्कळदां तळहातावर मावतील एवढींच असतात. तीं आईच्या दुधावरून अवेळीं तोडलेलीं असतात, आणि घरीं येतांच हगवणीनें मरतात. दोन महिन्यांखालचें पिलूं घेऊं नये, आणि आणल्यावर पहिला आठवडा विकणाराकडे तें जें खात होतें तेंच थोडेंबहुत चालू ठेवावें. विकणारा हें आपण होऊन सांगत नाहीं. विचारून घ्यावें लागतें.

वैशाखांत आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. सशाला घाम येत नाहीं. उष्म्यानें तो खाणें टाकतो, आणि खाणें टाकलें कीं आंतडें थांबतें. म्हणून हवेचा जो संबंध आहे तो एवढाच. पिंजरा पत्र्याखालीं न ठेवतां झाडाखालीं किंवा मातीच्या भिंतीच्या आडोशाला ठेवावा, जड मातीच्या भांड्यांत गार पाणी अष्टौप्रहर असावें, व गवत सकाळीं लौकर आणि दिवेलागणीनंतर ताजें घालावें.

दुखणें ओळखण्यास लेंड्यांसारखी दुसरी खूण नाहीं. त्या लहान होत गेल्या, केंसांनीं माळेसारख्या गुंफल्या गेल्या किंवा बंद झाल्या, ससा दांत करकरवीत कोपऱ्यांत बसला, तर उद्यां पाहूं असें म्हणूं नये. दहा-बारा तास कांहीं न खाल्लेला ससा हा अत्यवस्थ रोगी समजावा व तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावा. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्थाहि आहे. काय काय चारलें तें डॉक्टरांना खरें सांगावें. पोटफुगीवर बैलाला पाजतात तें तेल-टर्पेंटाईन सशाला पाजूं नये. घरांत उरलेल्या माणसांच्या गोळ्या तर मुळींच नकोत. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन अशा पेनिसिलीन जातीच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या असतां सशाच्या पोटांतले उपयोगी जंतु मरून जातात, आणि साध्या दुखण्याचा ससा औषधानेंच दगावतो. पोट नगाऱ्यासारखें ताठ झालें असेल, तर बळेंच घांसहि भरवूं नये.

कोणी म्हणेल, एवढी उस्तवार एका सशासाठीं कोण करतो? आम्ही हिशोब मांडून पाहिला. दोन किलोच्या सशाला दिवसाला सुमारें शंभर ग्रॅम वाळलें गवत लागतें. म्हणजे वर्षाला चाळीस किलोंच्या आंत. जोडीला ऐंशी धरा. आश्विन-कार्तिकांत माळावरची कापणी होईल, तेव्हां कोरडें, स्वच्छ, हिरव्या वासाचें एवढें गवत निवडून तरटाच्या पोत्यांत भरावें आणि तीं पोतीं जमिनीला न टेकवितां माळ्यावर ठेवावीं. जनावरांच्या गंजींतून रोज उपसलेल्या मुठीपेक्षां तें बरें.