आधी वही, मग मोबाइल : दुर्बिणीतला चंद्र 'उलटा' का दिसतो?



आज माझीच एक चूक सांगून सुरुवात करतो. गुलमंडीतल्या एका ओळखीच्यांच्या गच्चीवर आम्ही मुलांना चंद्र दाखवत होतो. खाली दुकानांचे दिवे, सुपारी हनुमान मंदिराजवळची गर्दी, हॉर्न. तरी अष्टमीचा चंद्र छान दिसत होता. बाजारातल्या उजेडाने त्याचं फारसं बिघडत नाही. सातवीतल्या एका मुलीने दुर्बिणीतून पाहून वहीत चंद्र काढला. उजळलेला भाग डावीकडे आणि त्यात वरच्या अंगाला एक काळसर, अंडाकृती डाग. मी मोबाइलवरचं ॲप पाहिलं. तिथे उजळ भाग उजवीकडे, डागही उजवीकडे. मी म्हणालो, "अगं, उलटं काढलंस. हे बघ." तिने काही न बोलता खोडलं आणि मोबाइलवर बघून पुन्हा काढलं.

तिचं चित्र बरोबर होतं. चुकलो होतो मी.

आमच्या दुर्बिणीत नेत्रिकेच्या आधी काटकोनात बसवलेला एक छोटा आरसा आहे. मान वाकडी न करता पाहता यावं म्हणून तो असतो. त्यामुळे चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं बदलतं. आरशाच्या, म्हणजे न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण १८० अंशांनी फिरलेलं दिसतं. ॲप मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणारं आकाश दाखवतं. दोन्ही खरी आहेत, फक्त जुळवून घ्यावी लागतात. जुन्या काळी दुर्बीणवाल्यांसाठी छापलेल्या चंद्राच्या नकाशांत दक्षिण वर असायची, ती याच कारणाने.

मग जुळवायचं कसं? आम्ही आता असं करतो :

१. दुकानाची पाटी वाचा. दिवसा दुर्बीण लांबच्या, निदान शंभरेक पावलांवरच्या पाटीवर लावा. गुलमंडीत पाट्यांना काय तोटा! अक्षरं डोक्यावर उभी असतील आणि कागद फिरवल्यासारखी वाचता येत असतील, तर तुमची दुर्बीण चित्र १८० अंश फिरवते. अक्षरं सुलटी पण आरशातल्यासारखी असतील, तर डावं-उजवं बदलते. सरळ वाचता आली, तर काहीच करायला नको. हे करताना दुर्बीण सूर्याकडे चुकूनही वळवू नका. मुलांना एकटं सोडू नका.

२. ॲपला जागा आणि वेळ बरोबर द्या. मग फोन हलवला की आकाश हलतं ती सोय बंद करा. लोखंडी कठड्याजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं. चंद्र किंवा गुरू नावाने शोधा.

३. क्षेत्र लहान करा. मुलं इथेच गोंधळतात. ॲप एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा दाखवतं, दुर्बीण चिमूटभर. गणित सोपं आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर ९०० मिमी, नेत्रिका २५ मिमी, म्हणजे ३६ पट. साध्या नेत्रिकेचं स्वतःचं क्षेत्र साधारण ५० अंश धरलं तर ५० भागिले ३६, म्हणजे सुमारे १.४ अंश. चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणून नेत्रिकेच्या गोलात जेमतेम तीन चंद्र ओळीने मावतील. ॲपमध्येही चंद्र तेवढाच दिसेपर्यंत चित्र मोठं करा.

४. आता फिरवा. १८० अंशांसाठी फोन उलटा धरला की झालं. डावं-उजवं बदलायचं असेल तर स्टेलॅरियमच्या संगणकावरच्या आवृत्तीत तशी सोय आहे. ती नसेल तर फोनसमोर घरातला हातआरसा धरा आणि आरशात बघा.

५. पश्चिम शोधा. मोटार नसलेली दुर्बीण हलवू नका, नुसतं बघत राहा. पृथ्वी फिरते, म्हणून चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. ज्या कडेने तो बाहेर जातो ती पश्चिम. मुलांना चित्रावर तिथे 'प' लिहायला सांगा. 'प' असलेलं चित्र कुठल्याही नकाशाशी ताडून बघता येतं.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. ॲप वाईट नाही, मी रोज वापरतो. पण क्रम महत्त्वाचा. आधी डोळा, मग वही, आणि शेवटी मोबाइल. मोबाइल आधी दाखवला की मूल दुर्बिणीत मोबाइलमधलंच चित्र शोधतं. ॲपमध्ये मृगातला तेजोमेघ गुलाबी दिसतो. नेत्रिकेत तो राखाडी धुक्यासारखा, कारण अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. मग "एवढंच?" असं म्हणून मूल बाजूला होतं. पालकांनो, तुम्हीही होता, खरं ना?

काही शिक्षक म्हणतील, चाळीस मुलं आणि एक दुर्बीण, एवढा वेळ कुठाय? मान्य. म्हणून त्या रात्री फक्त पाहायचं आणि काढायचं, एकेक मिनिट. जुळवणी दुसऱ्या दिवशी वर्गात, आरसा घेऊन. परावर्तनाचा धडा त्यातच होऊन जातो.

१६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूजवळचे ठिपके रात्रीमागून रात्री वहीत मांडले. ठिपके जागा बदलत होते. त्याने ते दिसले तसेच काढले, म्हणूनच ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत हे त्याला कळलं. शेजारी कुणी "उलटं काढलंस" म्हणणारा नव्हता, हे बरं झालं.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझं बरोबर होतं, सरांचं चुकलं." तिने विचारलं, "सर, मग खोडलेलं पुन्हा काढू?" मी म्हटलं, "नको. आज रात्री पुन्हा बघू आणि नवीन काढू."

तुमच्या गच्चीवर करून बघा. मुलाचं चित्र ॲपशी जुळलं नाही, तर खोडरबर देण्याआधी आरसा द्या.