रेडिओला प्रश्न विचारता येत होते



विंचूरच्या उपबाजारातला कांद्याचा भाव आता घरबसल्या मोबाईलवर कळतो. येथून पूर्वेला, येवला-नांदगावच्या माळावर कपाशी-ज्वारी करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र सल्ल्याचे संदेश ढिगाने येतात आणि उलट प्रश्न विचारायला माणूस सापडत नाही. ही सोय महाराष्ट्रात एकदा झाली होती, आणि तीही रेडिओवर.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र 1953 साली मध्यम लहरींवर सुरू झाले. या लहरी जमिनीलगत लांबवर जातात, त्यामुळे खेड्यापाड्यांतही ऐकू येत. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने या केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकरी श्रोते मंडळे चालवली. कल्पना मूळची कॅनडाची. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे एकूण 20 कार्यक्रम झाले. गावकरी रेडिओभोवती बसत, ऐकून झाले की चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे लिहून जात. उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली होती; नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. एवढा पुरावा हाती असताना 1959 मध्ये योजना देशभर नेली, मंडळे हजारोंनी वाढवली, आणि पुढे त्यांतली बरीचशी थंडावली. (सरकारी योजनेत आकडा वाढला की काम झाले असे धरतात, हा अनुभव तुम्हालाही आहे.)

कपाशीचेच पाहा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, असे आपल्याला सांगतात. शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण मधल्या रात्री पाऊस झाला तर मोजणी पुन्हा सुरू करायची का? शेजाऱ्याने फरदड ठेवली असेल तर काय करायचे? पंपाला, औषधाला पैसे घालायचे ते या उत्तरावर.

2023 च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला, तेव्हा ओरड झाली आणि तो थांबला. म्हणजे ओरड ऐकू जाते. तेव्हा येत्या जिल्हा बैठकीत ठराव मांडावा: आकाशवाणीच्या शेती कार्यक्रमात आठवड्यातला एक अर्धा तास कोरडवाहू गावांच्या प्रश्नांना द्यावा, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव सांगावे. प्रत्येक गावाने आपले तीन प्रश्न लिहूनच यावे.