आते, तिची आई आणि माझा चुकलेला प्रश्न

मुलगा-सून दुबईत असतात. नातीला सांभाळायला फिलिपिन्सची एक बाई आहे. नात तिला ‘आते’ म्हणते. मला वाटलं, पोरगी ‘आत्या’ म्हणायला शिकली! मग कळलं, फिलिपिनो भाषेत ‘आते’ म्हणजे थोरली बहीण. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे होते तेव्हा तिची-माझी मोडक्यातोडक्या इंग्रजीत छान गट्टी जमली.

एके दिवशी तिचे डोळे रडून सुजलेले दिसले. तिकडे इलोइलोला तिच्या आईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला होता. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? “आई सिगरेट ओढायची का?”

“कधीच नाही,” ती म्हणाली, “पण सगळे हेच विचारतात.”

चाळीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले, पण इतका चुकीचा क्वचितच विचारला असेल.

परत आल्यावर मी याबद्दल वाचत बसले. मी मराठीची बी. ए.; विज्ञान बेताचंच. पण एक गोष्ट मला माझ्या भाषेत समजली. आपल्या पेशींत ‘ईजीएफआर’ नावाचं जनुक असतं. पेशीला ‘वाढ’ असा निरोप पोचवण्यात त्याचा हात असतो. त्यात शुद्धलेखनाची चूक झाली की निरोप थांबतच नाही. बहुतेक चुका दोनच प्रकारच्या : काही अक्षरं गळणं, नाहीतर एका अक्षराच्या जागी दुसरं येणं. ही चूक सहसा गाठीतल्या पेशींतच झालेली असते, आईकडून मुलीकडे जात नाही. हे मी आतेला फोन करून मुद्दाम सांगितलं. तिच्या मनात ती भीती होतीच.

ही चूक २००४ साली सापडली. २०१४ साली आशियातल्या सात ठिकाणच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे रुग्ण पुढच्या टप्प्यातल्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका नेहमीच्या प्रकाराचे. त्यातल्या फिलिपिनो रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांत ही चूक आढळली. भारतीयांत सुमारे २२ टक्के. सगळ्या देशांचे मिळून बायकांत ६१ टक्के, कधीच धूम्रपान न केलेल्यांतही जवळजवळ तेवढंच.

आता माझं मत. हे आकडे वाचून कुणी म्हणेल, “बाई आहे, सिगरेट ओढत नाही, म्हणजे चूक असणारच. आणि बुवा ओढतोय ना, मग तपासायचं कशाला?” पण त्याच अभ्यासात पुरुषांतही ४४ टक्के निघाले. म्हणजे चेहरा पाहून पेपर तपासण्यातला हा प्रकार! वर्गाची सरासरी काहीही असो, प्रत्येक पोराचा पेपर उघडून बघावाच लागतो. इथे तर त्यावर औषध ठरतं. ही चूक असली तर जेफिटिनिबसारखी गोळी किमोपेक्षा जास्त काळ आजार रोखते. नसली तर किमोच बरी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या चाचणीने हे दाखवलं, तिच्यात फिलिपिन्सचेही रुग्ण होते. म्हणजे त्या देशातल्या लोकांनी हे ज्ञान जगाला मिळवून द्यायला हातभार लावला, आणि तिथल्याच एका आईच्या गाठीचा तुकडा मनिलाला तपासायला पाठवायला लेकीच्या दुबईतल्या पगाराची वाट बघावी लागली. हे मला पटत नाही. फिलिपिन्सने २०१९ साली कॅन्सरसाठी स्वतंत्र कायदा केला, चांगलंच झालं. पण औषध ज्या तपासणीवर ठरतं तिचा खर्च आधी सरकारने उचलावा, मग रुग्णाला गोळीचं नाव सांगावं.

सिगरेट वाईटच, फुप्फुसाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आजही तीच. पण आजारी माणसाला पहिल्याच वाक्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. आणि ज्याने ओढली, त्यालाही तपासणी आणि औषध हवंच की.

आतेच्या आईची तपासणी झाली. अक्षरं गळलेली निघाली, गोळी सुरू झाली. गोळीने आजार मुळापासून जात नाही, पुढेमागे तो उलटतो, हे आतेला माहीत आहे. पण आई सध्या स्वतःच्या पायांनी चर्चला जाते, आणि आतेने दुबईतला मुक्काम आणखी दोन वर्षं वाढवलाय. गोळ्यांसाठी.

असो. यापुढे कुणाचं असं काही कानावर आलं तर मी आधी एवढंच विचारणार आहे : “जनुकाची तपासणी झाली का? पैशांची सोय आहे ना?” तुम्हीही विचारून बघा.